मुस्लिम समाज आणि इस्लामी संस्कृती: विद्यापीठातील खुला कार्यक्रम कसा उभारावा

विद्यापीठाच्या वर्गात जे शिकवले जाते ते नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांसाठी असते. सभागृहाचे दार कोणालाही खुले केले की विषय तोच राहतो, पण संयोजकाची जबाबदारी बदलते. इस्लामी संस्कृती आणि मुस्लिम समाज या विषयावरील खुल्या कार्यक्रमाला संशोधक विद्यार्थी येतात, निवृत्त शिक्षक येतात, आयुष्यभर नमाज पढत आलेले गृहस्थ येतात, आणि या विषयाची ओळख केवळ बातम्यांतून झालेले, मनात थोडी शंका घेऊन आलेले श्रोतेही येतात. या सर्वांना एकाच संध्याकाळी काही खरे, तपासलेले आणि पूर्वी न ऐकलेले मिळावे, अशी इच्छा असेल तर तयारी बरीच आधी आणि बऱ्याच बारकाईने करावी लागते. मी अशा कार्यक्रमांच्या संयोजनात काही वर्षे घालवली आहेत. त्या अनुभवातून तयार झालेली कामाची पद्धत येथे क्रमाने मांडतो.

पहिले काम: प्रश्न लहान करणे

वक्ता, तारीख, सभागृह हे सगळे नंतरचे. आधी कार्यक्रमाचा प्रश्न ठरवावा, आणि तो जितका लहान करता येईल तितका लहान करावा. माझ्या पहिल्या परिसंवादाचे शीर्षक मी ‘इस्लाम आणि आधुनिकता’ असे ठेवले होते. तिन्ही वक्ते विद्वान होते, परंतु एक तुर्कस्तानातील कायद्यावर बोलले, दुसऱ्या पश्चिम आफ्रिकेतील शाळांवर बोलल्या, आणि तिसऱ्यांनी तत्त्वज्ञानाचा इतिहास सांगितला. त्यांच्या मांडणीचा एकमेकांशी संबंध आला नाही, आणि प्रश्नोत्तरांत श्रोत्यांनी त्या आठवड्यातील बातम्यांविषयी विचारले. दोष वक्त्यांचा नव्हता आणि श्रोत्यांचाही नव्हता. दोन शतके आणि तीन खंड कवेत घेणारे शीर्षक मीच दिले होते.

शीर्षक कागदावर लिहिल्यानंतर त्याला तीन प्रश्न विचारावेत: कोण, कुठे आणि केव्हा. उदाहरणार्थ, कॉफी घ्या. पंधराव्या शतकात येमेनमधील सुफी साधक रात्रीच्या जिक्रसाठी, म्हणजे ईश्वराच्या नामस्मरणासाठी, जागे राहता यावे म्हणून कॉफी पीत. १५११ साली मक्केतील अधिकारी खैर बेग याने धर्मशास्त्रज्ञांना आणि वैद्यांना एकत्र बोलावून कॉफीवर बंदी घातली, पण ती टिकली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे उघडली होती आणि तेथे लोक काय बोलतात याची राज्यकर्त्यांना चिंता वाटू लागली होती. एका पेयाच्या या कथेत धर्मशास्त्रातील मतभेद आहेत, वैद्यक आहे, व्यापार आहे, राज्यसत्ता आहे आणि सार्वजनिक जीवनही आहे. ‘इस्लाममध्ये मतभेदांना स्थान आहे का?’ असे शीर्षक देऊन जे साधत नाही, ते ‘मक्का, १५११: कॉफीवरील बंदी का टिकली नाही?’ या शीर्षकाने सहज साधते.

दुसरे उदाहरण मालीमधील तिंबक्तूच्या हस्तलिखितांचे. २०१३ च्या जानेवारीत शहर सोडून जाताना सशस्त्र गटांनी अहमद बाबा संस्थेतील काही हस्तलिखिते जाळली. परंतु फार मोठा साठा त्यापूर्वीच ग्रंथपालांनी आणि हस्तलिखिते सांभाळणाऱ्या कुटुंबांनी गुपचूप बमाको या राजधानीत हलवला होता. जाळणारे स्वतःला मुस्लिम म्हणवत होते आणि वाचवणारेही मुस्लिमच होते. ही घटना नीट सांगितली की ‘मुस्लिम समाज असा असतो’ हे वाक्य कोणाच्याही तोंडी सहजासहजी येत नाही.

शब्दांची निवडही याच टप्प्यावर करून घ्यावी, कारण पुढे प्रत्येक पत्रकात तेच शब्द येणार असतात. ‘इस्लामी’ हा शब्द धर्माशी थेट संबंध असलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवावा, आणि माणसांविषयी बोलताना ‘मुस्लिम’ हा शब्द वापरावा. यांच्या मधली एक मोठी जागा उरते. अमेरिकी इतिहासकार मार्शल हॉजसन यांनी तिच्यासाठी ‘इस्लामिकेट’ असा शब्द घडवला: ज्या समाजात मुस्लिमांचे प्राबल्य होते तेथे घडलेली, परंतु मुस्लिमेतरांनीही आपली मानलेली संस्कृती. ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीज (११३८–१२०४) यांनी आपले तत्त्वज्ञान अरबी भाषेत आणि हिब्रू लिपीत लिहिले. त्यांना ‘इस्लामी विचारवंत’ म्हणणे चुकीचे ठरेल आणि त्यांना या व्याख्यानमालेतून वगळणेही तितकेच चुकीचे ठरेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०११ मध्ये आपली दालने पुन्हा उघडली तेव्हा ‘इस्लामी कला’ या दोन शब्दांऐवजी अरब प्रदेश, तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया आणि उत्तरकालीन दक्षिण आशिया अशी नावे दिली. नाव लांबले, पण दालनात काय आहे ते समजू लागले. कार्यक्रमांच्या शीर्षकांसाठी मी हाच नमुना समोर ठेवतो.

दुसरे काम: मालेचा आराखडा

एकच कार्यक्रम करायचा असेल तर हा टप्पा सोडून पुढे जावे. एका सत्रात चार ते सहा कार्यक्रमांची माला योजली असेल, तर सर्व शीर्षके एका कागदावर लिहून ती जगाच्या नकाशावर मांडून पाहावीत. जगात सुमारे २०० कोटी मुस्लिम आहेत, सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांत इंडोनेशिया अग्रस्थानी राहत आला आहे, आणि अरब देशांत जगातील मुस्लिमांपैकी साधारण पाचवा हिस्सा राहतो. तरीही बहुतेक आराखड्यांत सगळी टाचणीची टोके अरब प्रदेशात आणि इराणात जाऊन बसतात. जावा, सेनेगल, पूर्व आफ्रिकेचा स्वाहिली किनारा, बोस्निया, चीनमधील चिनी भाषा बोलणारा मुस्लिम हुई समाज यांपैकी निदान दोन ठिकाणे आराखड्यात यावीत.

काळाच्या बाबतीतही असाच एक कल दिसतो. अर्धे कार्यक्रम दहाव्या शतकातील बगदादच्या वैभवावर आणि उरलेले आजच्या संघर्षांवर, अशी विभागणी झाली की मधली हजार वर्षे गाळली जातात, आणि श्रोत्याच्या मनात ‘पूर्वी उजेड, आता अंधार’ असे चित्र कोणीही उच्चार न करता पक्के होते. म्हणून सतराव्या किंवा एकोणिसाव्या शतकावरील एखादा कार्यक्रम आवर्जून ठेवावा, आणि आजच्या काळावरील कार्यक्रमांपैकी एक तरी संघर्षाविषयी नसावा. नागरी वस्ती, भाषा, विवाहाचे कायदे, छायाचित्रण, शिक्षण असे विषय तेथे शोभतात.

तिसरे काम: तारीख

हिजरी वर्ष चांद्र असून ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे सौर दिनदर्शिकेच्या तुलनेत प्रत्येक सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. २०३० साली तर रमजानचा आरंभ दोनदा येणार आहे, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. म्हणून मागील वर्षीच्या तारखा पाहून या वर्षीचे वेळापत्रक कधीही आखू नये. चंद्रदर्शनावर अवलंबून असलेला दिवस एकाने मागेपुढे होऊ शकतो, तेव्हा दोन्ही ईदच्या अपेक्षित तारखेच्या आधीचा आणि नंतरचा दिवसही मोकळा ठेवावा.

रमजानमध्ये कार्यक्रम घेऊच नये असे नाही; परंतु सूर्यास्ताच्या वेळी कोणालाही सभागृहात अडकवून ठेवू नये. दुपारी कार्यक्रम घेऊन तो इफ्तारच्या तासभर आधी संपवावा. शुक्रवारी दुपारची वेळ जुम्याच्या सामूहिक नमाजाची असते, ती वर्षभर टाळावी. हिजरी वर्षाचा पहिला महिना असलेल्या मोहरमच्या दहाव्या दिवसाबाबत अधिक काळजी हवी. ६८० साली करबला येथे पैगंबरांचे नातू इमाम हुसैन शहीद झाले, आणि शिया मुस्लिमांसाठी तो खोल शोकाचा दिवस आहे; अनेक सुन्नी मुस्लिम त्या दिवशी ऐच्छिक रोजा ठेवतात. हिजरी नववर्षाच्या नावाने त्या दहा दिवसांत संगीताचा उत्सवी कार्यक्रम ठेवला, तर संयोजकाला या समाजातील दोन परंपरांमधला फरकच ठाऊक नाही, हे पत्रकावरूनच जाहीर होते.

चौथे काम: वक्ते

या विषयावर बोलण्याचा अधिकार अभ्यासातून येतो, मग अभ्यासक मुस्लिम असो वा नसो. मुस्लिम वक्त्याला आपल्या संपूर्ण समाजाच्या वतीने उत्तर देण्यास भाग पाडणे आणि मुस्लिमेतर अभ्यासकाच्या हेतूवर आधीच शंका घेणे, या दोन्ही गोष्टी मी सारख्याच अन्यायकारक मानतो. निमंत्रणपत्रात ‘मुस्लिम दृष्टिकोन मांडावा’ असे वाक्य कदापि लिहू नये. त्याऐवजी वक्त्याच्या नेमक्या संशोधनाचा उल्लेख करावा: ऑटोमन (उस्मानी तुर्की) साम्राज्याच्या दफ्तरांतील अमुक प्रकारच्या नोंदींवरील आपले काम श्रोत्यांसमोर मांडावे, अशी विनंती करावी. त्यासाठी वक्त्याचे निदान दोन लेख आधी वाचलेले असावे लागतात. यात वेळ जातो, परंतु या कामाला दुसरा पर्याय मला सापडलेला नाही.

एक धर्मगुरू, एक धर्मत्याग केलेली व्यक्ती आणि एक सुरक्षातज्ज्ञ अशी तिघांची बैठक रचण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती ‘संतुलित’ दिसते. प्रत्यक्षात तेथे तीन जण तीन वेगळ्या गोष्टींविषयी बोलतात आणि श्रोते टाळ्यांतून बाजू निवडतात. मतभेद हवेच असतील तर एकच पुरावा वेगळ्या प्रकारे वाचणाऱ्या दोन अभ्यासकांना बोलवावे. एखाद्या वक्फपत्राचा, म्हणजे धर्मादाय दानाच्या दस्तऐवजाचा, अर्थ लावण्यावरून होणारी चर्चा मी श्रोत्यांना श्वास रोखून ऐकताना पाहिली आहे.

परदेशातून येणाऱ्या वक्त्याला निमंत्रण किमान पाच महिने आधी जावे, कारण काही देशांच्या नागरिकांना व्हिसा मिळण्यास फार विलंब लागतो. व्हिसा नाकारला गेल्यास दूरस्थ व्याख्यानाची सोय असेल, हे पहिल्याच पत्रात लिहावे. मानधन, प्रवास, निवास, ध्वनिमुद्रणाविषयीचे धोरण आणि श्रोत्यांचे साधारण स्वरूप हेही त्याच पत्रात यावे. तसेच वक्त्याने स्वतःचे नाव कसे लिहावे व उच्चारावे ते विचारून घ्यावे. अरबी, फार्सी किंवा तुर्की नाव देवनागरीत आणताना ऐनवेळी अंदाज करण्याची गरज मग पडत नाही.

पाचवे काम: पैसा

याविषयी थोडक्यात. हार्वर्ड आणि एमआयटी येथील इस्लामी स्थापत्याचा अभ्यासक्रम १९७९ पासून आगा खान यांच्या नावाने चालतो, आणि सौदी राजपुत्र अलवलीद बिन तलाल यांच्या देणग्यांतून हार्वर्डसह अनेक विद्यापीठांत केंद्रे उभी राहिली. मोठ्या देणगीतून चांगले काम होते, परंतु देणगीदाराचा विषयांवर आणि वक्त्यांच्या निवडीवर अधिकार आहे का, असा प्रश्न श्रोते विचारतात आणि तो रास्त आहे. देणगी स्वीकारताना ‘निवडीचा अधिकार केवळ संयोजन समितीचा’ हे वाक्य लेखी घ्यावे, आणि पत्रकावर पैसा कोठून आला ते स्पष्ट छापावे. ही अट ज्याला मान्य नाही त्याचा पैसा घेऊ नये.

सहावे काम: पत्रक आणि चित्रे

वक्त्यांच्या निवडीपेक्षाही जास्त चुका पत्रकात होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिची अक्षरे एकमेकांना जोडली जातात; आज्ञावलीला ती लिपी नीट हाताळता येत नसेल तर अक्षरे सुटी होतात आणि क्रम उलटतो. मांडणीकाराला ते सुंदरच दिसते, वाचकाला मात्र ती निरर्थक अक्षरे असतात. छपाईपूर्वी ती लिपी वाचू शकणाऱ्या व्यक्तीकडून अंतिम प्रत तपासून घ्यावी. कुराणाची आयत सजावट म्हणून पत्रकावर, कागदी पिशवीवर किंवा बशीवर छापू नये, कारण या वस्तू पायाखाली जातात, कचऱ्यात जातात, आणि श्रद्धाळू माणसाला ते पाहणे असह्य होते.

महाजालावर सापडणाऱ्या ‘मध्ययुगीन मुस्लिम वैज्ञानिकां’च्या लघुचित्रांपासून सावध राहावे. त्यांतील बरीच चित्रे आधुनिक काळात पर्यटकांना विकण्यासाठी रंगवलेली आहेत. इस्तंबूलमध्ये खगोलशास्त्रज्ञ तकीउद्दीन यांची वेधशाळा १५७७ मध्ये उभी राहिली आणि १५८० मध्ये पाडली गेली. त्या वेधशाळेचे सोळाव्या शतकातील अस्सल लघुचित्र उपलब्ध आहे, आणि त्यात दुर्बीण नाही, कारण दुर्बिणीची पहिली नोंद १६०८ ची आहे. ज्या ‘प्राचीन’ चित्रात कोणी दुर्बिणीतून तारे पाहत असेल, त्याच्या वयाविषयी मनात शंका यायलाच हवी. चित्र निवडताना ते कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या क्रमांकाच्या हस्तलिखितात आहे ते शोधावे. तसा क्रमांक सापडला नाही तर दुसरे चित्र घ्यावे.

मजकुरालाही हाच नियम लावावा. मोरोक्कोतील फेझ येथील अल-करवीयीन मशीद ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी यांनी स्थापन केली, हे वाक्य असंख्य पत्रकांत निर्विवाद सत्य म्हणून येते. ही परंपरा मोलाची आहे. मात्र तिची माहिती देणारा प्रमुख ग्रंथ चौदाव्या शतकातील आहे. ‘परंपरेनुसार’ एवढा एक शब्द घातला की वाक्य प्रामाणिक होते.

पैगंबर मुहम्मद यांचे चित्रण असलेली जुनी लघुचित्रे दाखवायची असतील तर निर्णय समितीने मिळून आणि लेखी घ्यावा. २०२२ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात कला-इतिहासाच्या शिक्षिकेने चौदाव्या शतकातील असे एक चित्र वर्गात दाखवले. इराणमधील वजीर व इतिहासकार रशीदुद्दीन यांच्या जागतिक इतिहासाच्या हस्तलिखितातील ते चित्र मुस्लिम राज्यकर्त्यांच्याच आश्रयाने रंगवले गेले होते. शिक्षिकेने आधी सूचनाही दिली होती. तक्रार झाली आणि त्यांना पुढील सत्रात काम दिले गेले नाही. विद्यापीठाने या कृतीला ‘इस्लामद्वेषी’ म्हटले होते; पुढे त्यालाच हा शब्द मागे घ्यावा लागला, आणि काही मुस्लिम संघटनांनीही शिक्षिकेची बाजू घेतली. माझ्या मते अशी चित्रे अभ्यासाच्या संदर्भात दाखवण्यास जागा असलीच पाहिजे, कारण ती लपवणे म्हणजे मुस्लिम कलेचा एक खरा भाग पुसणे होय. परंतु ती पत्रकावर नसावीत; पत्रक भिंतीवर असते आणि समोरून जाणाऱ्याला ते पाहायचे की नाही याची निवड करता येत नाही. व्याख्यानात चित्र येण्यापूर्वी वक्त्याने तसे सांगावे, अर्धा मिनिट थांबावे, आणि चेहऱ्यावर पडदा दाखवणारी ऑटोमन काळातील चित्रेही सोबत ठेवावीत, म्हणजे या परंपरेचा प्रवास समजतो.

गायन, पठण व नृत्य यांच्या बाबतीत कलावंतांनाच विचारावे. कुराणपठण सुरेल असले तरी त्याला ‘गायन’ म्हणू नये, आणि त्यानंतर टाळ्या नसतात हे निवेदकाने आधी हळुवारपणे सांगावे. मेव्हलेवी या तुर्की सुफी पंथाच्या साधकांचा समा, म्हणजे गिरक्या घेत केली जाणारी उपासना, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २००८ पासून आहे, तरी साधकांसाठी तो केवळ नृत्यप्रकार नाही. मंचावर तो कोणत्या रूपात सादर होईल, हे त्यांनी ठरवावे.

सातवे काम: सभागृह

सभागृहाजवळ एक स्वच्छ, शांत खोली नमाजासाठी राखून ठेवावी, किब्ल्याची, म्हणजे मक्केतील काबाची, दिशा दाखवणारी खूण करावी, आणि वजूसाठी (नमाजापूर्वी हातपाय-तोंड धुण्यासाठी) पाणी कोठे आहे ते दारावर लिहावे. सूर्यास्तानंतरच्या मगरिब नमाजाचा अवधी कमी असतो आणि त्याची वेळ ऋतूनुसार सरकते. त्या दिवसाची वेळ पाहून मध्यंतर तेथेच आणावे. आसनव्यवस्थेत स्त्री-पुरुषांचे विभाग करू नयेत, तसेच कोणाला अनोळखी व्यक्तीशेजारीच बसावे लागेल इतकी दाटीही करू नये. स्वागतासाठी हात पुढे करण्याआधी पाहुण्याची रीत पाहावी. अल्पोपाहारात मद्य नसावे, आणि पदार्थ शाकाहारी ठेवले की हलालचा बहुतेक प्रश्न आपोआप सुटतो.

आठवे काम: प्रश्नोत्तरे

कार्यक्रमाची खरी कसोटी येथे लागते. व्याख्यानाला पंचेचाळीस मिनिटे दिली असतील तर प्रश्नोत्तरांना किमान तीस मिनिटे द्यावीत. सूत्रसंचालन करणारी व्यक्ती विषय जाणणारी हवी. केवळ आवाज चांगला असून भागत नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेण्याची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. लिहिताना माणूस आपला प्रश्न आपोआप नेमका करतो, संकोची विद्यार्थ्यांनाही संधी मिळते, आणि सारखे प्रश्न एकत्र करता येतात. मात्र निवडीत पक्षपाताचा संशय येऊ नये म्हणून शेवटची दहा मिनिटे ध्वनिक्षेपक श्रोत्यांकडे द्यावा.

‘पण तुमच्या धर्मग्रंथात असे का लिहिले आहे?’ हा प्रश्न कधी ना कधी येतोच, मग व्याख्यान समरकंदच्या निळ्या फरशांवरचे का असेना. अशा वेळी सूत्रसंचालकाने प्रश्नकर्त्याचा अपमान करू नये आणि वक्त्यालाही एकटे सोडू नये. ‘हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, आजच्या वक्त्या स्थापत्याच्या अभ्यासक आहेत, आपला प्रश्न आम्ही लिहून घेतो’ असे शांतपणे सांगावे आणि खरोखरच लिहून घ्यावे. प्रश्नात त्या विषयाशी जोडणारा एखादा धागा सापडत असेल तर तो उचलून वक्त्यापुढे ठेवावा. कोणी सभागृहातील मुस्लिम श्रोत्यांकडे बोट दाखवून त्यांच्याकडून खुलासा मागू लागले, तर मात्र तत्काळ आणि ठामपणे थांबवावे. ते येथे श्रोते म्हणून आलेले असतात. घोषणाबाजी झाल्यास कोणी बोलायचे, किती वेळा विनंती करायची आणि सुरक्षारक्षकांना केव्हा बोलवायचे, हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे.

नववे काम: ध्वनिचित्रमुद्रण आणि नोंदी

काही वक्त्यांचे कुटुंब अशा देशात असते की त्यांच्या एका वाक्यामुळे घरच्यांना त्रास होऊ शकतो. म्हणून मुद्रणाची संमती दोनदा घ्यावी, एकदा निमंत्रणासोबत आणि पुन्हा व्याख्यान संपल्यावर, कारण प्रश्नोत्तरांत काय बोलले जाईल हे आधी कोणालाच माहीत नसते. कॅमेरा मंचाकडे असावा. श्रोत्यांचे चेहरे टिपायचे असतील तर तसा फलक दारावर लावावा आणि कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर काही रांगा राखून ठेवाव्यात.

मानधन आठवड्याच्या आत पोहोचवावे. त्यानंतर सर्व चिठ्ठ्या, वेळेअभावी राहून गेलेल्याही, एका टेबलावर पसरून त्यांचे गट करावेत. प्रत्येक गटावर कोण, कुठे आणि केव्हा हे तीन शब्द लिहून ठेवावेत, आणि ज्या गटात सर्वाधिक चिठ्ठ्या असतील तो पाकिटात घालून पुढच्या सत्राच्या पहिल्या बैठकीला घेऊन जावा.